अल्कोहोल स्टोव्हचं इंधन: बाटलीचं नाव नको, आत काय आहे ते बघा

अल्कोहोल स्टोव्हचा, म्हणजे ट्रेकवर नेतात त्या स्पिरिटवर चालणाऱ्या छोट्या स्टोव्हचा, विषय निघाला की चर्चा स्टोव्हभोवतीच फिरते. भोकं किती पाडली, कुठल्या कॅनपासून बनवला, वजन बारा ग्रॅम की पंधरा. इंधनाबद्दल मात्र 'स्पिरिट घ्या कुठलंही' एवढ्यावर आटोपतं. पाणी किती वेळात उकळणार, भांड्याचं बूड काळं होणार का, थंडीत स्टोव्ह पेटणार का आणि शेजारी बसलेल्या माणसाचं डोकं दुखणार का, हे बऱ्याच अंशी त्या 'कुठल्याही' स्पिरिटवर ठरतं. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन बाटल्यांपैकी एकीत जवळजवळ शुद्ध इथेनॉल असू शकतं आणि दुसरीत निम्मं मिथेनॉल. म्हणून हा लेख स्टोव्ह बनवण्याबद्दल नाही, फक्त इंधनाबद्दल आहे.

पायरी १: तुमच्या ट्रेकला अल्कोहोल परवडतंय का?

अल्कोहोलमध्ये ऊर्जा कमी असते. एक ग्रॅम इथेनॉल जळून सुमारे २७ किलोज्यूल उष्णता मिळते, तर ब्यूटेन-प्रोपेनच्या एका ग्रॅममधून ४५-४६. मग हलक्या सॅकची मंडळी अल्कोहोलच्या मागे का? गॅसचं रिकामं डबडंच जड असतं, म्हणून. शंभर ग्रॅम गॅस वाहायला साधारण तितक्याच वजनाचा धातूचा कॅन लागतो आणि गॅस संपला तरी तो परत आणावाच लागतो. अल्कोहोल प्लास्टिकच्या साध्या बाटलीत जातं आणि रोज हलकं होत जातं.

जरा हिशेब करू. अर्धा लिटर पाणी १५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे १७८ किलोज्यूल लागतात. उघड्या ज्योतीची निम्मी उष्णता इकडेतिकडे जाते असं धरलं, तर ९५ टक्के इथेनॉलचे साधारण १८ मिलिलिटर जाळावे लागतील. एका माणसाला दिवसातून दोनदा एवढं पाणी लागत असेल तर दिवसाला ३६ मिलिलिटर, म्हणजे २९ ग्रॅम. स्टोव्ह, स्टँड, वाऱ्याचा आडोसा आणि बाटली मिळून ७० ग्रॅम धरा. तीन दिवसांचं ओझं दीडशे ग्रॅमच्या आसपास जातं. छोटा गॅस कॅन आणि हलका बर्नर मिळून पावणेतीनशेच्या घरात असतात. म्हणजे एकट्या माणसाला आठवडाभरापर्यंत अल्कोहोल फायद्याचं. दोघांचं पाणी तापवायचं असेल तर ही मुदत निम्म्यावर येते. चार जणांचा स्वयंपाक, बर्फ वितळवणं किंवा तासभर रटरटत ठेवायचं काही असेल, तर सरळ गॅस घ्या. तिथे अल्कोहोलचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पायरी २: तिघांची ओळख

या स्टोव्हमध्ये जाळण्यासारखी अल्कोहोलं तीनच: इथेनॉल, मिथेनॉल आणि आयसोप्रोपिल, ज्याला बरेच जण आयपीए म्हणतात.

इथेनॉल हा माझ्या लेखी पहिला पर्याय, आणि बहुतेकांसाठी शेवटचाही असायला हरकत नाही. मिलिलिटरमागे २१ किलोज्यूल देतं, ७८ अंशांना उकळतं, निळसर आणि टोकाला पिवळी ज्योत देतं. काजळी धरते, पण थोडी. विषारीपणा तिघांत सर्वांत कमी. पेयाच्या दर्जाचं ९५-९६ टक्क्यांचं इथेनॉल मिळालं तर ते इंधन म्हणून उत्तमच, पण त्यावर जबर कर असतो. तो टाळता यावा म्हणून उद्योगासाठीच्या इथेनॉलमध्ये मुद्दाम काहीतरी मिसळून ते पिण्यालायक ठेवत नाहीत. हेच डिनेचर्ड स्पिरिट. सगळी गुंतागुंत या 'काहीतरी'मध्ये आहे, त्याकडे पुढे येतो.

मिथेनॉलचा स्वभाव वेगळा. मिलिलिटरमागे १६ किलोज्यूलच देतं, त्यामुळे वरच्या हिशेबातल्या अर्ध्या लिटरला १८ ऐवजी २२-२३ मिलिलिटर लागतील. उलट त्याच्या ज्वलनाला कमी हवा पुरते. एक ग्रॅम मिथेनॉलला साडेसहा ग्रॅम हवा, इथेनॉलला नऊ, आयपीएला दहाच्या वर. म्हणूनच मिथेनॉलवर भांडं लख्ख राहतं. पेट्रोलच्या टाकीतलं पाणी घालवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही द्रवांत जवळजवळ शुद्ध मिथेनॉल असतं आणि हौशी लोक ते आवडीने वापरतात.

मी ते सुचवत नाही. मिथेनॉल शरीरात गेलं की त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक ॲसिड होतं, आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालतं. दहा मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल पोटात गेलं तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. त्यात फसवं असं की लक्षणं बारा ते चोवीस तास उशिरा दिसू शकतात, तोवर माणूस नुसता थोडा झिंगल्यासारखा वाटतो. ते त्वचेतून आणि श्वासातूनही आत जातं. अनेक देशांत कामाच्या जागी आठ तासांसाठी हवेतल्या इथेनॉलची मर्यादा १००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आहे, मिथेनॉलची २००. उघड्यावर, वारा खेळत असताना, हाताला न लागू देता दोन मिनिटांत स्टोव्ह भरणाऱ्याला लगेच काही होईल असं नाही. पण ट्रेकवर हात गारठलेले असतात, अंधार असतो, त्याच बोटांनी खाल्लं जातं आणि सगळ्या बाटल्या एकसारख्या दिसतात. चुकून कुणाच्या पोटात गेलंच, तर लक्षणांची वाट न बघता त्याला घेऊन इस्पितळ गाठायचं. यावर उतारा असतो, पण तो वेळेत मिळावा लागतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. स्टोव्ह विझलाय समजून हात घालणारे असतात.

आयपीए कागदावर सर्वांत ताकदवान आहे: मिलिलिटरमागे २४ किलोज्यूल. पण त्याला हवा सर्वांत जास्त लागते आणि साध्या कॅनच्या स्टोव्हला ती पुरवता येत नाही. ज्योत लांब, पिवळी आणि धुरकट होते. भांड्याचं बूड, आडोसा, मग हात, मग सॅक, असं सगळं काळवंडतं. दुसरं काहीच मिळालं नाही तर ९९ टक्क्यांचं आयपीए चालवून घ्यावं. भांडं नेहमीपेक्षा थोडं उंच ठेवा आणि आडोशात खालून हवा यायला जागा ठेवा. काजळी कमी होते, जात नाही.

पायरी ३: पाण्याचा अंश तपासा

नेमकं कुठलं अल्कोहोल, याच्याइतकंच त्यात पाणी किती हे महत्त्वाचं, आणि औषधाच्या दुकानातल्या बाटलीने फसगत होते ती इथेच. जखम पुसायचं ७० टक्क्यांचं द्रव सहज मिळतं. ऊर्जेच्या आकड्यांवरून वाटतं की तिसरा हिस्साच तर कमी आहे, थोडं जास्त घेऊ. प्रत्यक्षात स्टोव्हमध्ये अल्कोहोल आधी उडतं आणि पाणी मागे राहतं. जळत जाईल तसं उरलेलं मिश्रण पातळ होत जातं, ज्योत मलूल होते आणि शेवटी तळाशी पाण्याचं डबकं उरून स्टोव्ह विझतो. भांड्यातलं पाणी तोवर जेमतेम कोमट. त्यात ७० टक्क्यांचं आयपीए असेल तर पाणीही उरतं आणि काजळीही धरते.

माझी मर्यादा सोपी: ९० टक्क्यांच्या खाली नको. ९५-९६ सर्वांत सोयीचं. इथेनॉल आणि पाणी साध्या ऊर्ध्वपातनाने वजनी ९५.६ टक्क्यांपलीकडे वेगळं होत नाही, म्हणून बाजारात हाच आकडा वारंवार दिसतो. त्यावरचं ९९ टक्क्यांचं निर्जल इथेनॉल महाग असतं आणि स्टोव्हला त्याचा फरक जाणवत नाही.

थोडंसं पाणी कधीकधी कामालाही येतं. १९२५ साली सुरू झालेली ट्रँगिया ही स्वीडिश कंपनी पितळी स्पिरिट बर्नरसाठी प्रसिद्ध आहे. काजळी धरत असेल तर इंधनात दहा टक्क्यांपर्यंत पाणी घाला, असं तिचंच सांगणं आहे. ज्योत थोडी थंड होते, वेळ थोडा जास्त लागतो, बूड स्वच्छ राहतं. मात्र हे इथेनॉलचा अंश ९५च्या आसपास असेल तेव्हाच. ९० टक्क्यांच्या बाटलीत आणखी पाणी घालू नका.

अल्कोहोल हवेतला ओलावा शोषतं आणि स्वतःही उडून जातं. झाकण अर्धवट लावून पडलेली बाटली वर्षभराने तीच राहिलेली नसते.

पायरी ४: लेबल आणि सेफ्टी डेटा शीट वाचा

लेबलवर अनेकदा 'डिनेचर्ड अल्कोहोल' एवढंच असतं. मिसळलेलं द्रव्य देशागणिक, कंपनीगणिक बदलतं: कुठे मिथेनॉल, कुठे मिथाइल इथाइल कीटोन, कुठे पिरिडीन, कुठे नुसतं कडू द्रव्य आणि रंग. नक्की काय ते कळायची जागा म्हणजे त्या उत्पादनाची सेफ्टी डेटा शीट. उत्पादनाचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की बहुधा मिळते. तिचा तिसरा विभाग घटकांचा असतो. घटकांची नावं दहा प्रकारे लिहितात, म्हणून मी थेट सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला ठराविक ओळख क्रमांक, बघतो: इथेनॉल ६४-१७-५, मिथेनॉल ६७-५६-१, आयसोप्रोपिल ६७-६३-०. समोर टक्केवारी, बहुतेक वेळा 'अमुक ते तमुक' अशी, दिलेली असते. मिथेनॉलचा वरचा आकडा धरायचा, खालचा नाही. तो पाच टक्क्यांच्या आत असेल तर मी घेतो. ३० ते ५० असं दिसलं तर ती बाटली मिथेनॉलची समजायची, नाव काहीही असो.

डेनाटोनियम हे कडू द्रव्य जळण्याच्या दृष्टीने निरुपद्रवी असतं, इतकं कमी प्रमाण लागतं त्याचं. पण एक थेंब बोटाला लागला आणि तेच बोट घासाला लागलं, की जेवण संपेपर्यंत तोंड कडू. स्टोव्ह भरून झाल्यावर हात धुवायचे, हे त्यामुळे कुणालाच दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

शेकोटीवजा शोभेच्या फायरप्लेससाठी मिळणारं द्रव बायोइथेनॉल बहुतेकदा चांगलं निघतं, बोटींवरच्या स्टोव्हसाठीचं इंधनही. जेल मात्र घेऊ नका. हँड सॅनिटायझर असो की जेल इंधन, दाटपणा आणणारं द्रव्य स्टोव्हच्या भोकांत जळून चिकटतं. 'थिनर' असं लिहिलेल्या डब्यात टोल्युइन, ॲसिटोन वगैरे असू शकतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. पेट्रोल आणि रॉकेल तर अल्कोहोलच्या स्टोव्हमध्ये कधीच नाही. चाळीस टक्क्यांची दारूही उपयोगाची नाही: तिचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ सुटू लागते ते तापमान, २६ अंशांच्या आसपास, गार हवेत ती पेटतच नाही.

स्पिरिट कोळशातून गाळलं किंवा त्याचा रंग उडवला की ते 'शुद्ध' होतं, अशी एक जुनी समजूत आहे. त्याने मिथेनॉल निघत नाही. रंग गेल्यावर फक्त धोक्याची खूण जाते.

पायरी ५: घरी चाचणी घ्या

नवी बाटली थेट ट्रेकला नेऊ नका. दोन साध्या चाचण्या पुरतात.

पहिली वजनाची. मोजपात्रात नेमकं १०० मिलिलिटर घ्या, खोलीचं तापमान २० अंशांच्या जवळ असू द्या, आणि डिजिटल काट्यावर तोला. शुद्ध इथेनॉल ७९ ग्रॅम भरेल, ९५ टक्क्यांचं ८१, ९० टक्क्यांचं ८३ आणि ७० टक्क्यांचं ८८-८९. पाणी किती हे यातून बरंच कळतं. मिथेनॉल आणि इथेनॉलची घनता मात्र जवळजवळ सारखीच असल्याने त्यांतला फरक या चाचणीत मुळीच दिसत नाही, त्यासाठी डेटा शीटच हवी.

दुसरी जाळण्याची. उघड्यावर, वारा नसताना, नेहमीच्या भांड्यात अर्धा लिटर पाणी घ्या, स्टोव्हमध्ये मोजून २० मिलिलिटर इंधन. पाण्याचं सुरुवातीचं तापमान, उकळी फुटायला लागलेला वेळ आणि स्टोव्ह विझेपर्यंतचा वेळ टिपून ठेवा. मग स्टोव्ह गार झाल्यावर आत बघा. कोरडा असेल तर चांगलं. पाणी उरलं असेल तर इंधन पातळ आहे. चिकट किंवा रंगीत थर उरला असेल तर त्यात न जळणारं काहीतरी आहे आणि चार वापरांत भोकं बुजतील. बुडाला बोट लावून काजळी बघा. जळताना डोळे चुरचुरले किंवा वास डोक्यात गेला तर ती बाटली परत कपाटात.

वीस मिलिलिटरमध्ये उकळी फुटलीच नाही, तर लगेच इंधनाला दोष देऊ नका. स्टोव्ह आणि भांड्याचं बूड यांतलं अंतर बदलून पुन्हा बघा. अडीच ते चार सेंटिमीटरच्या दरम्यान बहुतेक स्टोव्हचं जमतं. भांडं फार खाली असेल तर ज्योत बुडाला आपटून अर्धवट जळते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. मिथेनॉलसाठी बनवलेला स्टोव्ह इथेनॉलवर धुरकटला तर भांडं थोडं उचलून बघा, बरेचदा तेवढ्याने भागतं.

पायरी ६: थंडीचा विचार

'थंडीत मिथेनॉलच लागतं' असं ठामपणे सांगणारे भेटतात. आकडे तेवढं ठाम बोलत नाहीत. तिघांचेही फ्लॅश पॉइंट ११ ते १७ अंशांच्या पट्ट्यात येतात, म्हणजे शून्याच्या आसपास कुठलंच पुरेशी वाफ सोडत नाही. नुसत्या ठिणगीने पेटत नाही, काडीची ज्योत काही क्षण धरून ठेवावी लागते. मिथेनॉल कमी तापमानाला उकळतं हे खरं, पण त्याची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते आणि ते देतंही कमी. त्यासाठी विष बाळगायची गरज नाही. इंधनाची बाटली घट्ट बंद करून पंधरा मिनिटं जॅकेटच्या आत ठेवा, स्टोव्हखाली लाकडाचा तुकडा किंवा फोमचा जाड तुकडा आणि त्यावर फॉइल ठेवा म्हणजे जमीन त्याची ऊब ओढून घेणार नाही. एवढ्याने इथेनॉल बिनतक्रार चालतं. कडाक्याच्या गारठ्यात अल्कोहोल गोठत नाही, पण तितकंच गार होतं. उणे वीस अंशांचं द्रव हातावर सांडलं तर हिमदंश होऊ शकतो.

पायरी ७: किती न्यायचं आणि कशात

चाचणीत एका उकळीला जेवढं लागलं, तो तुमचा खरा आकडा. माझा १८ मिलिलिटरचा हिशेब इथे विसरा. त्याला उकळींच्या संख्येने गुणा आणि वाऱ्यासाठी, सांडण्यासाठी वर चौथा हिस्सा ठेवा.

बाटली पीईटी किंवा एचडीपीई प्लास्टिकची. पॉलिकार्बोनेट टाळा, अल्कोहोलने त्याला चिरा जातात. ॲल्युमिनियमच्या बाटलीत मिथेनॉल साठवू नका, गंज धरतो. तोंड अरुंद आणि टोचीचं असलं की मोजून ओतता येतं. पाण्याच्या बाटलीसारखी दिसणारी बाटली तर नकोच. जाड मार्करने 'इंधन, विष' लिहा, वर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे अंधारात हातालाही फरक कळेल. सॅकमध्ये ती खाण्याच्या पिशवीत जाणार नाही, हे बघा.

पायरी ८: भरणं, पेटवणं, विझवणं

जळत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये इंधन ओतायचं नाही, हा एक नियम बाकी सगळ्यांच्या वर. न दिसणारी ज्योत वाफेतून बाटलीत शिरते आणि बाटलीच्या तोंडातून आगीचा झोत समोरच्या माणसावर फेकला जातो. भाजण्याचे भयंकर अपघात असेच होतात. इंधन कमी पडलं तर स्टोव्ह हातात धरवेल इतका गार होऊ द्या. विझलाय की नाही ते सावलीत बघा, किंवा लांब सुकी काडी वर धरून बघा. भरल्यावर बाटली बंद करून चार पावलं लांब ठेवा आणि मगच काडी ओढा.

विझवायला झाकण किंवा उपडं भांडं. रबरी रिंग असलेलं पितळी बर्नरचं झाकण गरम असताना लावलं तर रिंग वितळते. सांडलेलं अल्कोहोल पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्याने विझतं, पण पाणी जोरात फेकलं तर जळतं द्रव पसरतं. तंबूच्या आत हा स्टोव्ह पेटवू नका: नायलॉन आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्ही कारणं पुरेशी आहेत.

निघण्यापूर्वी दोन चौकशा करा. वणव्याच्या हंगामात बऱ्याच जंगलांत फक्त बंद करायची कळ असलेले स्टोव्ह चालतात. अल्कोहोलच्या स्टोव्हला कळ नसते, तेव्हा तो उघड्या आगीत मोडू शकतो. आणि विमानाने जाणार असाल तर स्टोव्हचं इंधन कुठल्याच सामानात नेता येत नाही, ७० टक्क्यांहून तीव्र दारूही नाही. स्टोव्ह धुऊन, वाळवून, वास जाईपर्यंत उघडा ठेवून मगच भरा आणि इंधन पोचल्यावर विकत घ्या. तिथली बाटली अनोळखी असेल, तेव्हा चौथ्या पायरीतले तीन क्रमांक फोनमध्ये लिहून न्या आणि पहिल्या मुक्कामाच्या आधी एकदा जाळून बघा. परतताना उरलेलं इंधन ओढ्यात किंवा जमिनीवर ओतू नका. मूळ बाटलीत, लेबलसकट, पुढच्या ट्रेकरला द्या.